एक प्रकरण कमी

क्रांतीनं शाळेच्या लायब्ररीतलं पुस्तक पप्पांच्या कटिंग मशीनवर आपटलं आणि त्याच्या शेजारी घरचं ठेवलं. दोन्हींवर नाव एकच. शाळेचं जरा जाड, घरचं किंचित बारीक.

"हात काढ तिथनं. पातं हाय," उदयसिंह म्हणाले.

"ह्याच्यात एक प्रकरण जास्त आहे, पप्पा."

उदयसिंहांनी खळीचा ब्रश डब्यात ठेवला. शाहूपुरीतल्या या गाळ्यात ते बायंडिंग करत. व्यापाऱ्यांच्या वह्या, कॉलेजचे प्रबंध आणि लेकीची पुस्तकं. दिवसभर पुस्तकं शिवणारा हा माणूस वाचायला मात्र पेपरातल्या कुस्तीच्या बातमीपुढं कधी गेला नव्हता, आणि त्याचं त्याला काही वाटतही नव्हतं.

"आवृत्ती निराळी असंल," ते म्हणाले.

"एकच आहे. मी बघितलं की."

ती बघणारच. अकरा वर्षांची पोर, पण मोठ्यांच्या पुस्तकांचा फडशा पाडायची. आणि भ्यायचीही तितकीच. पहिलीत असताना धड्यातली चिमणी मेली, तर हिनं जेवण सोडलं. रात्री उठून आईच्या नाकाखाली बोट धरून बसायची, श्वास चालू आहे का बघायला.

तेव्हापासून घरात आलेलं प्रत्येक नवं पुस्तक काही दिवसांनी गाळ्यावर जाई आणि पक्क्या पुठ्ठ्यात परत येई. त्याच्या कडा मशीनवर साफ केलेल्या असत, त्यात पानांचे आकडेही जात. बायंडिंग केलेल्या पुस्तकाला आकडे नसतातच, असं क्रांती आजवर धरून चालली होती. काही गोष्टी एकदम संपायच्या, त्याचंही तिला कौतुक होतं. लेखकानं पुढचं आपल्यावर सोपवलंय, असं तिला वाटायचं.

आज वर्गात बाईंनी या कादंबरीचा शेवट विचारला होता. पहिला हात क्रांतीचा. चंद्री घोडी पुरातून केरबाला पलीकडं काढते, केरबा तिच्या पोटाला टेकून झोपतो, आणि हा शेवट मला सगळ्यात जास्त आवडतो, असं ती भरभरून सांगत होती. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळा वर्ग हसला.

"न वाचता हात वर करू नये, क्रांती," बाई म्हणाल्या.

न वाचता! या पोरीला! मधल्या सुट्टीत तिनं लायब्ररीत उभ्या उभ्या ते प्रकरण वाचलं. सकाळी केरबा उठतो. चंद्री उठत नाही.

"अजून कुठल्या कुठल्या पुस्तकांचं कापलंय?"

उदयसिंह बोटाला चिकटलेली खळ सोलत राहिले.

"सांगा की!"

"लई हायती," ते म्हणाले. "मीच काढली, माझ्या हातानं. तू भ्यायचीस, बाळ. रात रात झोपत न्हवतीस."

"मग मला विचारायचं होतं."

क्रांतीला रडू येत नव्हतं, नुसता संताप येत होता. आपल्याला खुळ्यात काढलं, तेही घरच्या घरी. तिला आपली आवडती पुस्तकं एकेक करून आठवत होती, आणि त्यातल्या एकावरही आता तिचा विश्वास उरला नव्हता.

"आईम्होरं ह्यातलं काय बोलू नको," उदयसिंह म्हणाले. "उद्या ऑपरेशन हाय तिचं."

"आईला मी सगळं सांगते. ती पण मला सगळं खरंच सांगते. तुमच्यासारखं नाही."

उदयसिंहांनी बोलायला तोंड उघडलं, मग तसंच मिटून ब्रश उचलला.

संध्याकाळी दोघं दवाखान्यात गेले. छोटी गाठ आहे, काढली की घरी, असं आईनंच क्रांतीला सांगितलं होतं. आई दवाखान्यात आल्यापासून रोज या वेळेला क्रांती तिला चंद्रीची गोष्ट वाचून दाखवायची. आज शेवटचा भाग होता. शाळेच्या पुस्तकातून वाचायचं, अगदी शेवटापर्यंत, आणि मग पप्पांनी काय केलं ते सांगून टाकायचं, असं तिनं रिक्षातच ठरवलं होतं. उदयसिंह दारातच उभे राहिले. आत जाऊ की नको, असं त्यांचं चाललं होतं.

क्रांतीची आई शालन उशीला टेकून बसली होती. हातातल्या बांगड्या काढून ठेवल्या होत्या आणि दवाखान्याचा झगा तिला फार मोठा होत होता. क्रांतीनं स्टूल ओढलं आणि वाचायला सुरुवात केली. नदी चढली. केरबानं चंद्रीची आयाळ घट्ट धरली. दोघं पलीकडच्या काठाला लागली. शालन डोळे मिटून ऐकत होती.

क्रांतीनं पान उलटलं. पुढं नवं प्रकरण होतं. तिनं एकदा आईच्या मोकळ्या मनगटांकडं बघितलं.

"आणि केरबा तिच्या पोटाला टेकून झोपला," ती म्हणाली. "संपलं."

"संपलं कुठं? अजून एक प्रकरण हाय की," शालन डोळे न उघडता म्हणाली.

क्रांतीनं पुस्तक मिटलं. "घरच्या पुस्तकात ते नाही."

आता शालननं डोळे उघडले. दारातले उदयसिंह खाली फरशीकडं बघत होते. कुस्तीच्या बातमीपुढं न वाचणाऱ्या माणसाला कुठलं प्रकरण कापायचं हे कोण सांगत असणार, ते कळायला क्रांतीला वेळ लागला नाही. नवं पुस्तक आलं की आई म्हणायची, 'बघू तरी कसलं हाय,' आणि आधी स्वतः वाचून काढायची. आपल्यासारखीच आईलाही आवड आहे, म्हणून क्रांतीला किती बरं वाटायचं.

"तू सांगायचीस पप्पांना. काय कापायचं ते."

"व्हय," शालन म्हणाली.

क्रांती उठली. स्टूल मागं सरकून भिंतीला लागलं. आत्ता आपणही आईला तसंच फसवायला निघालो होतो, हे तिला कळत होतं, पण त्यानं राग जरासुद्धा कमी होत नव्हता. पप्पांचं तिनं कसंतरी गिळलं असतं. आईचं कुठं ठेवायचं, ते तिला समजेना.

"छोटी गाठ आहे म्हणालीस," ती म्हणाली.

शालननं दाराकडं बघितलं. उदयसिंहांनी नाही म्हणून मान हलवली. तिनं पांघरुणाची कड सारखी केली, पुन्हा विस्कटली, आणि मग पलीकडं सरकून खाटेवर लेकीपुरती जागा केली.

"ये, बस हितं. सांगते."

"काही गाळायचं नाही," क्रांती म्हणाली, आणि उभीच राहिली.