गॅलरीचं गणित

निसारभाईंनी गॅलरीचं गणित वहीत तीनदा मांडलं आणि तिन्ही वेळा उत्तर तेच आलं. पेठ वडगावच्या नव्या मंगल कार्यालयाची ही गॅलरी खांबांतून पुढं काढलेली, खालून आधार काहीच नाही; कठड्याकडं गर्दी झाली की सगळा ताण खांबाच्या सांध्यावर. तुळया खांबांत घट्ट रुतल्यात असं कॉम्प्युटरनं धरलं होतं. नऊ इंची खांब त्यांना धरणार कसे, हे त्या शहाण्याला कुणी विचारलंच नव्हतं.

उद्या गॅलरीचा स्लॅब ओतायचा होता. वही घेऊन ते आपल्या डिझाइन ऑफिसच्या मालकांच्या, विजयसिंहांच्या केबिनमध्ये गेले. कॉम्प्युटरवर इमारतीचं मॉडेल करणारी अनुजा तिथंच बसली होती.

"साहेब, स्लॅब थांबवा. खांब जाड करायला पायजेत."

अनुजानं लॅपटॉप फिरवला. "चाचा, सगळं पास हाय की. बघा."

"आणि बिद्रीला काय झालतं?" विजयसिंह म्हणाले.

निसारभाईंची मान खाली गेली. बिद्रीच्या एका इमारतीचा स्लॅब त्यांनी याच वहीच्या जोरावर आठ दिवस अडवला होता आणि शेवटी चूक वहीतच निघाली. एकच वजन दोनदा धरलेलं. तेव्हापासून कुणी उगाच घाबरलं की ऑफिसात म्हणायचे, 'बिद्री करू नको.' सगळे हसायचे, तेही हसायचे आणि आतून जळायचे.

"या खेपेला बरोबर हाय."

"तवाबी तुमी असंच म्हणालासा."

निसारभाईंनी नकाशावरच्या तपासणीच्या रकान्यात सही केली. नोकरीच्या भीतीनं नव्हे. आपलंच पुन्हा चुकलं असेल, असं त्या क्षणी त्यांना खरंच वाटलं.

डिसेंबरात पुतणी शबनूरचा निकाह ठरला आणि भावानं नेमकं तेच कार्यालय घेतलं. निसारभाईंनी हातापाया पडून पाहिलं. "बाकीची भरल्यात," भाऊ म्हणाला, "आणि तिथं बायकांना वर ऐसपैस जागा हाय."

निकाहच्या दिवशी ते खाली खांबाशीच उभे राहिले. वर, तुळईच्या सांध्यावर, नव्या रंगात केसाएवढी भेग दिसली. गॅलरीत दीडशे बायका, लेकरं, आणि त्यांतच त्यांची बायको जरीना.

"सगळ्यांना घेऊन खाली ये!" ते ओरडले. "गॅलरी टिकायची न्हाय!"

सगळ्या माना त्यांच्याकडं वळल्या. शरमेनं लाल झालेली जरीना कठड्यावरून वाकली. "चारचौघांत बिद्री करू नका की."

ऑफिसातला शब्द घरात कधी पोचला, त्यांना कळलं नव्हतं. वरच्या बायका हसल्या. तेवढ्यात दारात नवरदेव आल्याचा गलका झाला आणि त्याला बघायला सगळ्या एकदम कठड्याकडं सरकल्या.