फरशीला सांगितलेलं

फरशी पुसणारं माणूस मागं मागं सरकतं. पुढं पुढं पुसत गेलं तर आपल्याच पावलांचे छाप परत पुसावे लागतात, आणि एवढी अक्कल सगळ्यांना असती तर सखूबाईच्या आधीच्या बाईला दुकानाच्या मालकांनी, म्हणजे सावकारांनी, घालवलं नसतं. हुबळीत दुर्गदबैल चौकाजवळचं ते साड्यांचं दुकान. गिऱ्हाईक चपला दाराशी काढून आत यायचं, त्यामुळे धूळ कमी आणि तळपायांचे डाग फार. सखूबाई आधी कोरडा झाडू मारी, मग फिनेलच्या पाण्यात फडकं पिळून हातभर हातभर पुसून घेई. शनिवारी सोड्याचं पाणी टाकून सगळी मोझॅक नारळाच्या काथ्यानं घाशी आणि शेवटच्या बादलीत रॉकेलचे थेंब सोडी. चकाकी अशी यायची की सावकार म्हणत, "सखूबाई, गिऱ्हाईक साडी सोडून खालीच बघतंय की!"

सखूबाईही खालीच बघायची. दुकानात येणारी माणसं तिला पायांवरून ठाऊक होती, आणि खरं सांगायचं तर ती एकाच जोडीची वाट बघत होती. तिची लेक यमुना तीन वर्षांमागं भीमसेन नावाच्या लॉरी ड्रायव्हरबरोबर निघून गेली होती. पोरगा वाईट नव्हता, पण जात दुसरी. सखूबाईचा नवरा नागोजी अडत बाजारात हमाल. पाठीवर मिरचीची पोती पेलणारा गडी, त्याला हे काही पेललं नाही. लेकीचं नाव घरात काढायचं नाही असं त्यानं बजावलं आणि बायकोला शपथ घातली, "तिच्याशी बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील."

अळणावरकडची माणसं ही. शपथ म्हणजे शपथ. सखूबाईनं ती पाळली. पण बोलू नको म्हणणारा नवरा बघू नको असं काही म्हणाला नव्हता. कधी ना कधी लेकीला बरी साडी लागणार, आणि बऱ्या साडीला अर्धी हुबळी याच दुकानात येते, असा विचार करून तिनं हे काम धरलं होतं. नागोजीला वाटायचं, बायको पगारासाठी राबते. वाटू दे बिचाऱ्याला.

संक्रांत जवळ आली होती. सकाळी दुकान नुकतंच उघडलं होतं आणि सखूबाई आतून पुसत पुसत, मागं सरकत उंबऱ्यापर्यंत पोचली. शेजारी दोन पाय येऊन थांबले. अंगठ्याहून त्याच्या जवळचं बोट लांब. असं बोट असलेली बाई नवऱ्याला वरचढ होते म्हणतात. ही तर बापालाच झाली होती.  सखूबाईनं मान वर केली. यमुनाच होती ती. अंगानं भरलेली, पोट पुढं आलेलं. सातवा तरी असावा.

"अक्का, तिथंच थांबा जरा," साड्या मांडणारा प्रभंजन आतून ओरडला. "फरशी ओली आहे, घसराल!"

"आई," यमुना म्हणाली.

 सखूबाईच्या डोळ्यांपुढं नागोजीचं तोंड आलं. तिनं फडकं बादलीत बुडवलं, पिळलं, आणि खाली बघत म्हणाली, "तुला म्हणून सांगते गे फरशे, अवघडलेल्या बाईनं ताटकळत उभं राहू नये. चौकटीला टेकावं."

यमुनाला क्षणभर कळेना. मग कळलं, आणि ती टेकली. लेकी बोले सुने लागे, ही आपली जुनीच रीत. इथं सून नव्हती. लेकीला लागावं म्हणून फरशीला बोलायचं होतं, एवढंच.

"जड घागर उचलू नये," सखूबाई पुसत म्हणाली. "कडक उन्हात फिरू नये. पहिलं बाळंतपण आईकडंच असतंय गे फरशे, पर या आईला शपथ घातलीय एकानं. भाकरी थापताना आठवण येतीय. निजताना येतीय. जीव तुटतोय नुसता."

दाराजवळची फरशी वाळत आली. सखूबाईनं पुन्हा फडकं भिजवलं आणि वाळलेल्यावर फिरवलं.

"अगं, तिथं पुसलंस की आत्ताच!" प्रभंजन म्हणाला.

"डाग हाय," ती म्हणाली. पुसलेलंच परत पुसलं तिनं. फरशी ओली आहे तोवर लेक दारात आहे, हे तिला पक्कं कळलं होतं.

यमुना चौकटीला सांगत होती, "नवनगरात खोली घेतलीय आम्ही. हे लॉरीवर जातात ते चार-चार दिवस येत न्हाईत. एकटीला भ्या वाटतंय."

एवढ्यात सावकार आले. "गिऱ्हाईक दारात उभं करतेस व्हय गे?" म्हणून कडाडले, आणि यमुनाला "या, अव्वा, या" म्हणत आत घेऊन गेले. गिऱ्हाईक आत आलं की बादली घेऊन मागच्या बाजूला जायचं, हा दुकानाचा नियम. सखूबाई परत आली तेव्हा यमुना हिरवी साडी घेऊन गेली होती. ओल्यावर पडलेले तिच्या पावलांचे छाप सखूबाईनं पुसून काढले. पगार त्याचाच मिळत होता.

संध्याकाळी नागोजी जेवायला बसल्यावर तिनं खरं ते सांगून टाकलं. "ती दिसली आज. मी बोलले न्हाई, फरशीशी बोलले. पोटुशी हाय. घरात एकटीच असती."

नागोजीचा घास हातातच राहिला. तो तिच्यावर ओरडला नाही, ताटही सारलं नाही. घास ताटात परत ठेवून म्हणाला, "माणूस मरायचं तवा मरतंय. तू बोल जा तिच्याशी." मग घसा खाकरून, "कुठं राहती?"

"नवनगरात."

"नवनगरात कुठं?"

सखूबाईनं तोंडावर हात घेतला. फरशीला कोण प्रश्न विचारतं? मनातलं सगळं तिनं सांगितलं होतं, आणि विचारलं काहीच नव्हतं.

रविवारी दोघं नवनगरात उतरली. एकासारखं दुसरं घर, एकासारखा दुसरा रस्ता. दारावरच्या पाट्या दोघांनाही वाचता येत नव्हत्या. लॉरीवाला भीमसेन कुणाला माहीत नव्हता. ऊन डोक्यावर आलं तशी सखूबाई एका कट्ट्यावर मटकन बसली. इतक्या जवळ येऊन लेक सापडत नव्हती आणि तिला रडू आवरत नव्हतं.

नागोजी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला. बाजारात गाडीवाल्यांना ओरडतो त्या आवाजात त्यानं हाक दिली, "यमुने! गे यमुने!"

खिडक्या उघडल्या. बायका दारात आल्या. त्यांत यमुना नव्हती. कुणी हसलं, कुणी वेड्यासारखं बघत राहिलं, पण तो थांबला नाही. तीन वर्षं घरात काढू न दिलेलं नाव दारोदार ओरडत पुढच्या गल्लीत वळला. वळताना मागं बघून म्हणाला, "बसलीस काय? तू बी हाक मार की."

सखूबाई उठली, डोळे पुसले आणि लेकीला हाक मारत त्याच्या मागं निघाली.