साफसूफ केलेली डिस्क

“चित्र झकास आलंय, मालक,” म्हातारे मिस्त्री डिस्कची डबी काउंटरवर ठेवत म्हणाले, “पण आमची ही कुठे गेली?”

डिस्कवाल्याला प्रश्नच कळेना. पंपदुरुस्तीत जन्म घालवलेल्या या मिस्त्रींनी तीन आठवड्यांपूर्वी कॅमेऱ्यातलं कार्ड आणून दिलं होतं. नातीची पहिली पावलं, तिची शाळेतली शर्यत, घराची रंगरंगोटी, असे एकशेचाळीस तुकडे. त्याने ते सगळे नीट पाहून ब्लू-रे डिस्कवर उतरवून दिले होते. त्यात एकही म्हातारी बाई नव्हती, हे त्याला पक्कं आठवत होतं. तसं त्याने सांगितलंही.

“दिसेल कशी? कॅमेरा तिच्याच हातात असायचा,” मिस्त्री म्हणाले. “पण बोलायची ना. सुरू करताना दर वेळी विचारायची, अहो, लाल दिवा लागला का बघा. आणि बंद करताना तर हमखास तारांबळ. तिला जाऊन वर्ष होईल आता. तेवढं ऐकायला मिळावं म्हणून तर डिस्क करून घेतली मी.”

डिस्कवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. कारण तेवढंच त्याने वेचून वेचून कापलं होतं.

त्याच्या धंद्यात तो एकच गोष्ट अभिमानाने मिरवायचा, ती म्हणजे साफसफाई. इतर लोक कार्डावरचं जसंच्या तसं डिस्कवर ओततात; हा एकेका तुकड्याचं डोकं आणि शेपूट छाटायचा. लेन्ससमोर आलेलं बोट, हललेली जमीन, खोकला, “चालू झाला का” असली बडबड, सगळं बाहेर. घरात कधी झाडू हातात धरला नाही आणि लोकांच्या व्हिडिओत केर काढत बसतात, असं त्याची बायको म्हणायची, आणि त्यालाही ते कौतुकच वाटायचं. शिवाय एवढ्या मोठ्या फायलींनी संगणक भरतो म्हणून डिस्क तयार झाली की मूळ फायली तो उडवून टाकायचा. इतकंच नव्हे, तर गिऱ्हाइकाला कार्डसुद्धा कोरं करून परत द्यायचा. फुकटची सेवा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

खोटं बोलायला भरपूर वाव होता. आवाज मुळातच नीट आला नव्हता असं म्हटलं असतं, तर मिस्त्रींनी विश्वास ठेवला असता. तोंडाशी आलेलं ते वाक्य त्याने गिळलं.

“मीच कापलं, काका. नको असेल असं वाटलं मला. कार्डही मीच पुसलं.”

मिस्त्रींनी डबी उचलली आणि उलटसुलट करून पाहिली. रागावले असते तर डिस्कवाल्याला बरं वाटलं असतं.

“सुरुवातीला मी एक पंप इतका साफ केला होता,” ते म्हणाले, “की आतला रबरी वायसरच गाळ समजून गटारात फेकला.”

“मग?”

“मग काय. गटारात हात घालून शोधला.”

डिस्कवाल्याने मान डोलावली आणि कार्ड कुठे आहे ते विचारलं. कार्ड कॅमेऱ्यातच होतं. तिच्यामागे त्या कॅमेऱ्याला हात लावणार कोण? म्हणजे पुसलेल्या जागेवर अजून नवं काही चढलं नव्हतं.

पुढचे चार दिवस त्याने दुसरं काम हातात घेतलं नाही. पुसलेलं परत काढणारा एक प्रोग्रॅम लावून तो कार्ड खरवडत बसला. एकशेचाळीसपैकी एकतीस तुकडे हाती लागले. त्यांतही चित्राचा पार चुरा झाला होता, नुसते हिरवे-करडे चौकोन. आवाज मात्र शाबूत होता. त्याने चौकोन काढले, काळ्या पडद्यावर आवाज तेवढा ठेवला आणि पाचव्या दिवशी मिस्त्रींना बोलावून घेतलं.

“चित्र नाही मिळालं, काका,” त्याने मान खाली घालून सांगितलं.

“तिचं चित्र तसंही कुठे होतं,” मिस्त्री म्हणाले आणि स्टूल पडद्याजवळ ओढून बसले.

काळा पडदा बोलू लागला. अहो, लाल दिवा लागला का बघा. नात हसली. कुणीतरी बादली सरकवली. एकामागून एक तुकडे जात राहिले. मिस्त्रींनी दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट धरले होते. शेवटच्या तुकड्यात नुसती चपलांची फटफट होती, शिंक होती, आणि मग अगदी जवळून ती म्हणाली, “अहो, हा बंद कसा करायचा?”

हा तुकडा चांगला चार मिनिटांचा होता. डिस्कवाल्याचा हात सवयीने रिमोटकडे गेला आणि तिथेच थांबला.

मिस्त्री पडद्याकडे झुकले.

“उजवीकडचं बटण,” ते हळूच म्हणाले. “सावकाश शोध.”

तिला ते सापडेपर्यंत दोघेही बसून राहिले.