समोर हात वर करा

"जिंकलो आपण," असं म्हणत होंगदादा नेहमीच्या स्टुलावर टेकले आणि त्यांनी मुळ्याच्या वड्या सांगितल्या. कडेने कुरकुरीत, वर अंडं फोडून.

लीश्वे सोयादुधाचे पेले भरत होती. तिचा हात थांबला नाही. तव्यापाशी उभ्या असलेल्या सूछिनने मात्र उलथनं जरा जोरात आपटलं.

"आपण म्हणजे कोण?" सूछिनने विचारलं.

"आपण म्हणजे लोक. साधी, घरसंसाराची माणसं." होंगदादा रविवारच्या इस्त्रीच्या सदऱ्यात होते, आणि खुशीत होते. "लग्न म्हणजे एक बाई नि एक पुरुष. एवढंच विचारलं होतं. देशानं सरळ उत्तर दिलं. आता कोर्ट काय म्हणायचं ते म्हणो."

"दोन देऊ की तीन?"

"तीन दे. आज भूक आहे."

सूछिनने तीन वड्या दिल्या. अंडं नीट फोडलं. मग लीश्वेकडे न बघताच म्हणाली, "तुझ्या चर्चचं अभिनंदन करायला पाहिजे मला."

पिंगतुंग जिल्ह्याच्या किनाऱ्यावरच्या त्या मासेमारीच्या गावात या दोघींचं नाश्त्याचं दुकान सगळ्यांना ठाऊक होतं. दोघी पंचविशी-तिशीत असताना ते टाकलं, आता साठीला आल्या होत्या. खाली दुकान, वर एक खोली. गाव त्यांना 'दोघी मावश्या' म्हणे. कुणी म्हणे मैत्रिणी आहेत, कुणी म्हणे लांबच्या बहिणी आहेत. भाड्याचे पैसे वाचवायला एकत्र राहतात, असंही कुणी म्हणे. लीश्वे कधी खोटं बोलली नव्हती. तिला कुणी विचारलंच नव्हतं, आणि या न विचारण्यावर गावाचं नि तिचं इतकी वर्षं भागलं होतं.

यंदाच्या वसंतात मात्र ते भागेना. सूछिनच्या पोटात कळ उठली. पित्ताशयाचं ऑपरेशन लगेच करावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. दवाखान्याच्या खिडकीतल्या मुलीने विचारलं, "तुम्ही कोण यांच्या?" लीश्वेच्या तोंडून निघालं, "मैत्रीण." मुलीने मान हलवली. "रक्ताच्या नात्यातलं कुणी बोलवा." सूछिनचा भाऊ ताइचुंगला होता. बरीच वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. तो येईपर्यंत सूछिन स्ट्रेचरवर दात आवळून पडली होती. भावाने उभ्याउभ्या सही केली आणि जाताना विचारलं, "हिचं काही बरंवाईट झालं तर दुकान कुणाचं?"

सूछिन वाचली. पण खिडकीपाशी आपण 'मैत्रीण' म्हणालो, हे लीश्वेच्या मनातून गेलं नाही. भावापेक्षाही तिला तोच शब्द जास्त लागला होता.

काल लग्नाच्या प्रश्नावरच्या त्या मतदानाला दोघी शाळेतल्या रांगेत एकीमागे एक उभ्या राहिल्या. पुढे होंगवहिनी होत्या. कोळंबी किती महागलीय यावर त्या दोघींशी भरभरून बोलल्या, मग पडद्याआड गेल्या, शिक्का मारून बाहेर आल्या आणि हसून "येते हं" म्हणाल्या.

होंगदादा निघाल्यावर लीश्वेने एप्रन काढला.

"आजही जाणार आहेस?" सूछिनने विचारलं.

"आज तर जाणारच."

चर्च त्याच गल्लीच्या टोकाला होतं. फाटकाबाहेर काओशुंग शहरातून आलेली कॉलेजची मुलंमुली इंद्रधनुषी झेंडे घेऊन उभी होती. कुणी घोषणा देत नव्हतं. नुसती उभी होती, आणि ते घोषणांपेक्षा जड वाटत होतं. फाटकाशेजारच्या पांढऱ्या फरशीच्या भिंतीवर लाल रंगाने हातभर अक्षरांत लिहिलं होतं : खोटारडे. रंग खाली ओघळला होता. मंडळीतली माणसं भिंतीकडे बघत, मग पोरांकडे, आणि मुलाबाळांना पुढे ढकलत आत जात. होंगदादांचा पुतण्या एका मुलीशी हुज्जत घालत होता. तिचे केस अगदी बारीक कापलेले होते. त्याने तिच्या हातातला झेंडा हिसकला, ती झेंड्यासकट पायरीवर आपटली आणि तिचं कोपर सोलवटलं.

लीश्वेने पुतण्याच्या दंडाला धरलं. "आत जा," ती म्हणाली. त्याला लहानपणी रविवारच्या वर्गात तिनेच शिकवलं होतं, तो गेला. मुलीला तिने रुमाल दिला. "हे भिंतीवरचं नंतर बोलू," असं तिला सांगून ती आत गेली.

ती मंडळीची सेविका होती. दर चार वर्षांनी मंडळी सेवक-सेविका निवडते. लीश्वेला दर वेळी निवडलं जाई. वेदीवर फुलं मांडायची, आजाऱ्यांना भेटायला जायचं, दान गोळा करायचं. रविवारी छातीवर निळी फीत. ती तिसऱ्या बाकावर आपल्या जागी बसली.

पाळक श्यू चाळिशीचे होते, स्वभावाने मऊ. प्रवचन त्यांनी आटोपतं घेतलं. मग होंगदादांकडे एकदा बघून ते म्हणाले, "कालच्या निकालाबद्दल आपण उभे राहून देवाचे आभार मानू या."

सगळे उठले. लीश्वे बसून राहिली.

पाळकांनी डोळे मिटले होते, ते उघडले. होंगदादा पहिल्या बाकावरून मागे वळले. "लीश्वे, पाय दुखतोय का?"

त्यांनी तिला वाट काढून दिली होती. इतकी वर्षं गाव तिला अशीच वाट काढून देत आलं होतं.

"नाही दादा. पाय चांगले आहेत."

"मग ऊठ."

"ज्याबद्दल आभार मानायचेत ते मला पटलेलं नाही. म्हणून बसलेय."

कुणीतरी खोकलं. पाळक म्हणाले, "लीश्वेताई, आपण नंतर बोलू."

"मला बोलायचं नव्हतंच, पाळकसाहेब. मला फक्त उठायचं नव्हतं. पण दादांनी विचारलंय, तर सांगते." आणि आता ती उठली. "माझ्या दुकानातली सूछिन माझी मैत्रीण नाही. बहीण तर नाहीच. तुम्ही जसे नवरा-बायको आहात, तशा आम्ही दोघी आहोत. तुम्हाला माहीत आहे. मी तोंडाने सांगितलं नव्हतं, ते आज सांगितलं."

"अगं, हे इथे कशाला?" मागून एका बाईने म्हटलं.

"मग कुठे सांगू? काल तुम्ही अख्ख्या देशाला सांगितलंत. मी या चार भिंतींत सांगतेय."

होंगदादांचा चेहरा उतरला. ते रागीट माणूस नव्हते. वादळात छप्पर उडालं तेव्हा लीश्वेच्या आईला त्यांनी पाठीवर घेऊन शाळेत नेलं होतं. पण मंडळीचे वडील, म्हणजे कारभारी, म्हणून सगळे त्यांच्याकडे बघत होते. ते म्हणाले, "असं असेल तर सेविकेचं पद तू आपणहून सोड. आम्हाला काढायला लावू नकोस."

"सोडणार नाही. मंडळीनं निवडलंय, मंडळीनं काढावं."

"ठीक आहे. सभा बोलवू."

"सभा बोलवाल तेव्हा बोलवा, कागद करा. पण काल तुम्ही पडद्याआड जाऊन शिक्का मारलात. आज माझ्या तोंडाकडे बघून हात वर करा. कुणाकुणाला मी नकोय ते मला बघायचंय."

"अशी मतं उपासनेत घेत नाहीत, ताई," पाळक म्हणाले. त्यांचा आवाज विनवणीचा होता.

"हे आभारही उपासनेत कधी मानले नव्हते."

मग होंगदादांनी हात वर केला. सरळ, खांद्यापासून. तिच्याकडे बघून. एवढं मात्र लीश्वेने त्यांच्या बाजूने मनात धरलं. त्यांच्या मागोमाग पुतण्याचा हात गेला, मग उजवीकडचे, मग मागचे. काही हात कानाच्या उंचीवरच थबकले. लीश्वे एकेका चेहऱ्याकडे बघत गेली. हिच्या बाळंतपणात आपण सूप पोचवलं होतं. याच्या बापाजवळ दवाखान्यात बसलो होतो. होंगवहिनींचा हात वर निघाला तो केसांपर्यंत गेला, पिन नीट केली आणि खाली आला. वू आजींना ऐकू कमी येई. त्यांनी शेजारणीला विचारलं, शेजारणीने कानात सांगितलं. आजी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "म्हणजे ही गेली तर फुलं कोण मांडणार?" आणि त्या हात मांडीवर ठेवून खाली बसल्या. आणखीही काही हात खालीच होते, पण थोडे.

"पुरे," लीश्वे म्हणाली. "मोजू नका. दिसतंय."

तिने छातीवरची निळी फीत काढली, बाकाच्या पाठीवर ठेवली आणि खाली बसली. आपल्याच जागी. "पुढचं गीत घ्या, पाळकसाहेब."

 

खिडक्या उघड्या होत्या, त्यामुळे बाहेर सगळं ऐकू गेलं होतं. ती फाटकातून आली तशी पोरांनी टाळ्या वाजवल्या. बारीक केसांची मुलगी पुढे आली आणि तिच्या खांद्यांवर झेंडा घालू लागली. लीश्वेने तिचं मनगट धरलं.

"भिंतीवर कुणी लिहिलं?"

टाळ्या थांबल्या. "मावशी, त्या लोकांनी तुम्हाला आत्ताच..."

"त्यांचं माझं मी बघेन. भिंत कुणी रंगवली?"

"मी," मुलगी म्हणाली. तिचं नाव पेइवेन. "काल निकाल लागला, राग आला होता."

"राग मलाही आलाय. मी आत जाऊन बोलले. तूही आत यायचं होतंस."

"आत घेतलं असतं मला?"

"नसतं घेतलं. तरी यायचं." तिने भिंतीकडे हात केला. "ही फरशी वादळानंतर आम्ही बायकांनी बसवली. माझ्या चर्चची भिंत आहे. चल, पुस."

शेजारच्या नाव रंगवणाऱ्याकडून थिनर आणलं. पेइवेन, तिचे दोनतीन सोबती आणि लीश्वे, सगळे चिंध्या घेऊन भिंतीला भिडले. मंडळीतली माणसं त्यांना वळसा घालून घरी गेली. होंगदादा थोडा वेळ उभे राहिले. "रंगारी बोलावणार होतो मी," ते म्हणाले.

"बोलवा की," लीश्वे म्हणाली. "तोवर आम्ही पुसतो."

अक्षरं पुरती गेली नाहीत. फिकट गुलाबी डाग राहिला. बारकाईने पाहिलं तर तो शब्द अजून वाचता येत होता.

त्या आठवड्यात दुकानात गिऱ्हाईक रोडावलं. सूछिन पीठ कमी भिजवू लागली, तेही संपेना. गुरुवारी होंगदादा स्कूटरवरून आले. उतरले नाहीत, इंजिन चालूच ठेवलं.

"तुझ्याबद्दल माझ्या मनात काही नाही," ते म्हणाले. "तत्त्वाचा प्रश्न होता."

"हात तुमचाच होता ना, दादा?"

त्यांनी स्कूटरचा आरसा नीट केला. मग म्हणाले, "या रविवारी जरा मागे बसशील तर बरं. शेवटच्या बाकावर. सगळ्यांनाच सोपं जाईल. तुलाही."

"मी माझ्या जागी बसणार."

ते मान हलवत गेले. सूछिनने तवा खरवडता खरवडता विचारलं, "एक सांग मला. का जातेस तिथे? आमची माझूदेवी बघ. उदबत्ती लावली, पाया पडलं, झालं. तू कुणाबरोबर राहतेस, असं तिनं मला कधी विचारलं नाही."

"तुझ्या देवीचं बरं आहे."

"मग ये माझ्याबरोबर देवळात."

"माझ्या आईला तिथून शेवटचं नेलं," लीश्वे म्हणाली. "मी अक्षरं शिकले ती तिथे. मी का म्हणून उठून जाऊ? ज्यांना मी नकोय त्यांनी जावं."

सूछिनने खरवडणं थांबवलं. "हात वर करताना सगळे होते. तू एकटी होतीस."

"हो."

"मग या वेळी एकटी कशाला जातेस?"

रविवार म्हणजे दुकानाचा सगळ्यात धंद्याचा दिवस. त्या रविवारी दोघींनी मध्येच शटर ओढलं. सूछिनने लग्नाकार्याचा जांभळा कोट घातला. तो आता खांद्यात घट्ट होत होता. गल्लीतून दोघी शेजारी शेजारी चालत गेल्या. सायकलचं दुकान, मासळीवाली, लॉटरीची टपरी. मासळीवालीने नुसतं पाहिलं, मग हातातला मासा साफ करायला घेतला. फाटकाशी आज कुणी पोरं नव्हती.

लीश्वे तिसऱ्या बाकाशी गेली आणि सूछिनला आधी आत सरकवून मग स्वतः बसली. बाकावर बसलेल्या जोडप्याने एकमेकांकडे पाहिलं. नवरा उठला, मग बायको उठली. "जरा हवेशीर बसतो," असं काहीतरी पुटपुटत दोघं मागे गेली. पलीकडची बाईही पर्स उचलून गेली. अख्खा बाक रिकामा झाला.

सूछिनने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. "ऐसपैस झालं," ती म्हणाली आणि कोटाचं वरचं बटण सोडलं.

ऑर्गन सुरू झाला. सगळे गायला उभे राहिले, त्या दोघीही. लीश्वेने गीतांचं पुस्तक दोघींच्या मध्ये धरलं आणि ओळीखाली बोट ठेवलं. सूछिनला चाल माहीत नव्हती. ती सगळ्यांच्या एक ओळ मागे होती, पण मोठ्याने गात होती.