मुक्या जेवणाची घंटा

आयर्लंडमधल्या स्लायगो गावाबाहेरच्या त्या भाड्याच्या घरात सुरुची मार्चपासून एकटी होती. तिचे यजमान शैलेंद्र आईच्या ऑपरेशनसाठी नागपूरला गेले आणि करोनामुळे विमानंच बंद झाली. ऑफिसचं काम घरून, तेही सगळं लिहून. कधीकधी दिवस मावळला तरी तोंडातून शब्द निघालेला नसायचा. त्यात चातुर्मास, अधिक महिन्यामुळे यंदा पाच महिन्यांचा. एकवेळ जेवायचं आणि तेही मुक्यानं, असं व्रत तिनं धरलेलं.

संध्याकाळी ती मागच्या पायरीवर ताट घेऊन बसायची, तेव्हा दगडी कुंपणापलीकडे शेजारच्या पॉड्रिगची बंदूक वाजायची. सशांनी त्याच्या मेंढ्यांचं कुरण पार पोखरलं होतं. हिंसाच ती, सुरुची सशासाठी मनात रामनाम घ्यायची. पण आवाज झाला की घास गोड लागायचा. पलीकडे कुणीतरी आहे!

नोव्हेंबरात एका सकाळी पॉड्रिग कागद घेऊन कुंपणाशी आला.

"मिसेस, बंदुकीला सायलेन्सर बसवतोय. दुकानदार असाच देत नाही, पोलीस सुपरिंटेंडेंटची परवानगी लागते, कारण दाखवावं लागतं. आवाजाचा त्रास होतो, अशा दोन ओळी द्या तुम्ही."

"मला कुठं होतो त्रास?"

"अहो, जुलैत मी ओरडून विचारलं, ठीक आहात ना? तर तुम्ही ओठ घट्ट मिटून असे हात जोडलेत! म्हटलं, बाई गयावया करतेय बिचारी."

"तो नमस्कार होता हो! जेवताना बोलत नाही मी. पाच महिन्यांचं व्रत आहे."

"पाच महिने? आमच्या मेरीला पाच मिनिटं जमलं नसतं, देव तिला शांती देवो." तो हसला, मग कानाला हात लावला. "तरी सायलेन्सर हवाच मला. कानात सारखी शिट्टी वाजते. डॉक्टर म्हणतो, ठार बहिरा होशील."

फोनवर शैलेंद्र म्हणाले, "अगं, दे ना लिहून. त्यात काय एवढं?"

"खोटं कसं लिहू? आणि लिहून दिलं तर तो आवाजही जाईल. दुसरं कोण आहे इथं, अहो?"

फोन ठेवून ती कागद घेऊन बसली.

तिनं लिहिलं: मला त्रास नाही, पण माझ्या शेजाऱ्याचे कान जपायला हवेत. परवानगी द्यावी.

कार्तिक द्वादशीला व्रताचं उद्यापन. मुक्या जेवणाच्या उद्यापनाला घंटा दान करतात. देव्हाऱ्यातलीच पितळी घंटा चिंचेनं घासून तिनं कुंपणावर पॉड्रिगसमोर ठेवली. "सायलेन्सर बसला की रोज संध्याकाळी घरी जाताना वाजवाल? एकदाच."

"ग्रँड," असा इकडच्या पद्धतीचा होकार देत त्यानं ती कोटाच्या खिशात टाकली.

जानेवारीत परवानगी आली. त्या संध्याकाळी कुरणातून नुसतं 'फट्' झालं, ओली चादर झटकावी तसं. मग काहीच नाही. सुरुचीचा घास हातातच राहिला. अंधारून आलं, भात गार झाला.

आणि कुंपणापाशी घंटा किणकिणली, वेडीवाकडी.

सवयीनं तिचे हात जुळले. मग आठवलं, व्रत संपलंय.

"ऐकलं हो!" ती ओरडली. दिवसभर न वापरलेला आवाज घोगरा निघाला.