पट्ट्याला दोन हिसके

टॉवर रंगवणाऱ्या काकांचा आज उंचावर व्हिडिओ काढायचा होता. शूटिंगवाल्या मुलीने त्यांच्या हेल्मेटवरचा कॅमेरा तीनतीनदा तपासला आणि म्हणाली, "झालं काका, चढा!"

काका शिडीकडे तोंड करून नुसतेच उभे.

"भीती वाटते का?"

"भीती? मग तीस वर्षं काय झक मारली?" काका उखडले आणि लगेच ओशाळून सांगू लागले. चढण्याआधी थोरला भाऊ मागून त्यांच्या सुरक्षेच्या कमरपट्ट्याला दोन हिसके द्यायचा. "तुझा भरवसा नाही," म्हणायचा. तो गेल्यापासून काका आज पहिल्यांदाच चढणार होते.

हे ऐकून मुलीने पट्टा धरला आणि दोन हिसके दिले. दुसऱ्या हिसक्याला बकल सुटून पट्टा तिच्या हातात आला.

काकांनी वर आभाळाकडे पाहिलं. "दादा, अजून माझा भरवसा नाहीच ना तुला!"