राखीव बी

तपासनिसाची बायको वेलीला फूल यायच्या आत गेली. पण ते असो. तसं काही झालंच नाही असं धरून पुढे जाऊ.

तर बायको खिडकीशी पलंगावर पडून म्हणत होती, "अहो, पाकीट नीट वाचा. बी आधी घासायची असते."

"वाचलंय. पॉलिश पेपरवर घासा, रात्रभर भिजवा, पेरा. पन्नास दिवसांत निळी फुलं."

डॉक्टरांनी तिला दोन महिने दिले होते. म्हणजे दहा दिवस हातात राहत होते. तपासनीस निर्धास्त झाला.

एकतीस वर्षं तो दुकानांतले तराजू तपासत आला होता. मातीवर विश्वास ठेवणं त्याच्या नियमात बसत नव्हतं. पाकिटातल्या दोनपैकी एक बी त्यानं कुंडीत पेरली, दुसरी राखीव ठेवली, आणि पेरलेली रोज सकाळी चमच्यानं उकरून काट्यावर ठेवू लागला.

"फुगलीय," तो चौथ्या दिवशी म्हणाला. "प्रगती समाधानकारक."

"अहो, झोपू द्या तिला!"

"तपासणीशिवाय काही धड होत नाही."

"आपलं लग्न झालं की!"

"म्हणूनच म्हणतोय."

खोकला येईपर्यंत ती हसली.

सहाव्या दिवशी कोंब आला. मोजपट्टी लावताना तो मोडला. पुढचे चार दिवस मोडका कोंबही रोज मोजला गेला. लांबीत घट आढळली नाही. मग बी कुजली.

दहाव्या दिवशी राखीव बी पेरली. या वेळी बायकोनं चमचा स्वतःच्या उशीखाली ठेवून घेतला. वेल सुतळी धरून गजापर्यंत चढली. पंचावन्नाव्या दिवशी कळी दिसली, तेव्हा बायको बोलायची थांबली होती.

डॉक्टरांनी नाडी पाहिली. "आज-उद्या," ते हळूच म्हणाले.

"आणि कळीला?"

"मी माणसांचा डॉक्टर आहे, काका."

डॉक्टर गेल्यावर तपासनिसानं कोरा कागद घेतला. तिच्या पायाशी बसून, एकही खाडाखोड न करता लिहिलं:

'प्रति, संबंधित अधिकारी. महोदय, कळी उमलण्यास अद्याप पाच दिवस अवकाश आहे. सदर विलंबास रुग्ण जबाबदार नसून अर्जदार जबाबदार आहे. तरी अर्जदाराच्या शिल्लक आयुष्यातून पाच दिवस रुग्णाकडे वळते करून मिळावेत, ही विनंती. पाच शक्य नसल्यास, सर्व.'